बारडोलीची चौकशी : पोलिसांविरुद्ध दाद आणि बंद दप्तर

बारडोली हे नाव मराठी वाचकांना ठाऊक असते ते १९२८ च्या सत्याग्रहामुळे आणि त्याच लढ्यात वल्लभभाई पटेलांना मिळालेल्या ‘सरदार’ या उपाधीमुळे. त्याच तालुक्यात तीन वर्षांनी घडलेले दुसरे प्रकरण मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. महसूल अधिकाऱ्यांनी पोलिसांना बरोबर घेऊन, धाकदपटशाने खातेदारांकडून वाजवीपेक्षा अधिक सारा वसूल केला, असा आरोप १९३१ मध्ये झाला. त्या आरोपाची चौकशी करणे ब्रिटिश सरकारला भाग पडले. नाशिकचे जिल्हाधिकारी गॉर्डन यांच्याकडे ते काम सोपविण्यात आले. शेतकऱ्यांच्या वतीने भुलाभाई देसाई उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली ही चौकशी नोव्हेंबरच्या मध्यावर मोडली, आणि ती मोडली एकाच मागणीवर : सरकारी दप्तरातील कागद हजर करा.

स्थानिक पोलीस आणि सरकारी खाती यांच्याविरुद्ध नागरिकांनी आपल्या हक्कांसाठी दाद मागण्याचा आपल्याकडील इतिहास सांगताना बारडोलीच्या या दोन चौकशा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. पहिलीत शेतकरी जिंकले आणि दुसरीतून त्यांना बाहेर पडावे लागले. तालुका तोच, नेते तेच, वकीलही तेच. पहिल्या वेळी दप्तर उघडले गेले, दुसऱ्या वेळी ते बंद राहिले, हाच त्यातला मुख्य फरक. आज पोलिसांविरुद्ध तक्रार करू पाहणाऱ्या नागरिकापुढेही पहिला प्रश्न हाच असतो.

तालुका आणि सारावाढ

बारडोली सुरत शहराच्या पूर्वेला, तापी खोऱ्यातील रेल्वेमार्गावर आहे. हाच मार्ग पुढे नंदुरबारवरून जळगावला येतो. त्या काळी बारडोली तालुका आणि त्याला जोडलेला वालोड महाल मुंबई इलाख्यात मोडत. आज बारडोली सुरत जिल्ह्यात आणि वालोड तापी जिल्ह्यात आहे. काळी कसदार जमीन, कापूस आणि ज्वारीची पिके, पाटीदार खातेदार आणि त्यांच्या शेतांवर राबणारा मोठा आदिवासी समाज, असे या भागाचे चित्र होते.

मुंबई इलाख्यात जमिनीचा सारा साधारणपणे तीस वर्षांसाठी ठरवला जाई आणि मुदत संपली की त्याची फेरआकारणी होई. बारडोलीच्या फेरआकारणीचे काम डेप्युटी कलेक्टर जयकर यांच्याकडे होते. त्यांनी सुमारे तीस टक्के वाढ सुचवली. नवी रेल्वे, शेतमालाचे चढे भाव, वाढलेली गुरेढोरे, नवी पक्की घरे अशी कारणे त्यांनी पुढे केली. त्यांचे वरिष्ठ, सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांना ही कारणमीमांसा पटली नाही. त्यांनी जमिनीच्या खंडाचे आकडे आधार धरले आणि एकोणतीस टक्क्यांच्या वाढीची शिफारस केली. सरकारने अखेर जुलै १९२७ मध्ये बावीस टक्के वाढ कायम केली. एकाच तालुक्यासाठी तीन आकडे निघाले, त्यांची कारणे परस्परांशी जुळत नव्हती, आणि शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय जमिनीचा खंड कोणी पारखून पाहिला होता, याचे उत्तर मिळत नव्हते.

दिवाणी न्यायालयाचे दार

आज वाचकाच्या मनात साहजिक प्रश्न येईल : आकारणी चुकीची होती, तर शेतकरी न्यायालयात का गेले नाहीत? याचे कारण कायद्यातच होते. १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारक्षेत्र कायद्याने जमीन महसुलाच्या आकारणीसंबंधीचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले होते. सारा किती, हे सरकार ठरवणार. तो चुकला आहे का, हेही सरकारच ठरवणार. आणि न भरल्यास जप्ती करणारेही सरकारच. आरोपी आणि न्यायाधीश या दोन्ही भूमिका एकाच खात्याकडे होत्या.

१२ फेब्रुवारी १९२८ रोजी बारडोलीत जमलेल्या शेतकऱ्यांनी जो ठराव केला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. सारामाफी त्यात मागितलेलीच नव्हती. जुनी आकारणी हीच पूर्ण रक्कम म्हणून सरकारने स्वीकारावी, अथवा निःपक्ष न्यायमंडळ नेमून जागेवर येऊन चौकशी करावी. तोवर सारा भरला जाणार नाही, असा त्याचा आशय होता. न्यायालयाचे दार बंद असलेल्या लोकांनी सुनावणीचा हक्क मागितला होता. सत्याग्रह हे ती सुनावणी मिळवण्याचे साधन होते.

जप्त्या, पठाण आणि मुनशी समिती

सरकारने उत्तर दिले ते कायद्यातील सर्व कठोर उपायांनी. थकबाकीवर चौथाई दंड बसवला गेला. म्हशी, भांडीकुंडी, घरातील सामान यांवर जप्त्या आल्या. जप्तीच्या कामासाठी मुंबईहून पठाण आणले गेले. त्यांच्या दहशतीमुळे लोक दिवसेंदिवस दारे लावून, गुरांसह घरात कोंडून राहिले. जमिनी सरकारजमा करून त्या बाहेरच्यांना विकल्याचे जाहीर झाले. गावोगावचे पटेल आणि तलाठी यांनी मोठ्या संख्येने राजीनामे दिले.

या टप्प्यावर कन्हैयालाल मुनशी यांनी केलेले काम आजच्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मुनशी हे मुंबई उच्च न्यायालयातील वकील आणि प्रांतिक कायदेमंडळात मुंबई विद्यापीठाचे प्रतिनिधी होते. त्यांनी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्याशी पत्रव्यवहार केला, स्वतः बारडोलीला जाऊन स्थिती पाहिली आणि कायदेमंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर त्यांच्या अध्यक्षतेखाली एक बिनसरकारी समिती स्थापन झाली. सारा वाजवी की गैरवाजवी, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला. वसुलीसाठी वापरलेले उपाय कायद्याला धरून होते की नाही, एवढेच तिने तपासले. समितीत डॉ. गिल्डर यांच्यासारखे कायदेमंडळाचे सदस्य होते आणि चिटणीसाचे काम बाळ गंगाधर खेर यांच्याकडे होते. पुढे १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान झाले ते हेच खेर.

समितीने गावकऱ्यांच्या साक्षी घेतल्या, जप्तीची कागदपत्रे जमतील तेवढी मिळवली आणि आपले निष्कर्ष लेखी मांडले. या अहवालाला कायद्याचे बळ नव्हते. तरीही, सरकारी अंमलदाराने अधिकार वापरला म्हणजे तो कायदेशीरच असतो असे नाही, त्या वापराचीही तपासणी साक्षीपुराव्याने व्हायला हवी, हे तत्त्व येथे वकिलांनी प्रत्यक्ष आचरून दाखवले. आज ज्याला आपण सत्यशोधन समिती म्हणतो, तिचाच हा जुना नमुना होय.

पहिली चौकशी : ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल

ऑगस्ट १९२८ च्या पहिल्या आठवड्यात तडजोड झाली. जप्त जमिनी परत करणे, कैद्यांची सुटका, राजीनामा दिलेल्या तलाठ्यांना पुन्हा कामावर घेणे या गोष्टी मान्य झाल्या आणि चौकशी नेमली गेली. न्यायखात्याचे आर. एस. ब्रूमफील्ड आणि महसूल खात्याचे आर. एम. मॅक्सवेल हे चौकशी अधिकारी होते. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींवर राजद्रोहाचा खटला चालवून त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफील्ड. अशा माणसाच्या निःपक्षपातीपणावर शेतकऱ्यांनी विश्वास टाकला, कारण चौकशीच्या अटी त्यांना हव्या तशा होत्या : दोन्ही अधिकाऱ्यांत मतभेद झाल्यास न्यायखात्याच्या अधिकाऱ्याचे मत अंतिम राहील, आणि लोकांना वकिलामार्फत पुरावा मांडता येईल व सरकारी पुराव्याची पारख करता येईल.

शेतकऱ्यांची बाजू प्रारंभी भुलाभाई देसाई यांनी मांडली. महादेव देसाई, नरहरी परीख, रामनारायण पाठक यांनी गावोगावची माहिती जमवून देण्याचे काम केले. चौकशी अधिकारी गावांत फिरले. सरकारच्या कागदावरील खंडाचा आकडा आणि प्रत्यक्ष शेतकऱ्याचे म्हणणे त्यांनी समोरासमोर ठेवून पाहिले. ज्या आकड्यांवर अँडरसन यांची सारी शिफारस उभी होती, ते या तपासणीत टिकले नाहीत. ते गोळा करतानाच पुरेशी छाननी झालेली नव्हती, असे निष्पन्न झाले.

१९२९ मध्ये अहवाल आला. बावीस टक्के वाढ समर्थनीय नसून सुमारे सहा टक्के वाढ पुरेशी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. बारडोली आणि शेजारचा चोर्यासी हे दोन्ही तालुके मिळून वाढीची रक्कम १,८७,४९२ रुपयांऐवजी ४८,६४८ रुपये ठरली. सरकारच्याच दोन अधिकाऱ्यांनी, सरकारचेच दप्तर तपासून, सरकारच्या विरोधात दिलेला हा निर्णय होता.

१९३१ : करार आणि पोलीस

१९३० च्या कायदेभंगात बारडोलीने पुन्हा सारा रोखला. दडपशाही वाढताच अनेक कुटुंबे घरदार सोडून शेजारच्या बडोदे संस्थानाच्या हद्दीत जाऊन राहिली. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला आणि लोक परतले. या कराराच्या वाटाघाटींत गांधीजींनी पोलिसांच्या वर्तनाची चौकशी मागितली होती. ती सरकारने मान्य केली नाही. अशा चौकशीने आरोप-प्रत्यारोपच वाढतील, अशी सरकारची भूमिका होती, आणि गांधीजींनी मागणीचा आग्रह सोडल्याची नोंद करारातच झाली. कायदेभंगाच्या काळात पोलिसांनी केलेल्या कृत्यांची दाद मागण्याचा मार्ग तेथेच खुंटला.

पुढचा वाद करारानंतरच्या वसुलीचा होता. आंदोलनात होरपळलेल्या खातेदारांनी झेपेल तेवढा सारा भरावा आणि उरलेल्यासाठी सवलत मिळावी, अशी काँग्रेसची भूमिका होती. जुलै १९३१ मध्ये बारडोली आणि वालोडच्या काही गावांत महसूल अधिकारी पोलिसांना घेऊन वसुलीसाठी शिरले. पोलिसांच्या धाकाने लोकांकडून जादा रक्कम काढण्यात आली, असा आरोप झाला. गांधीजींनी हा कराराचा भंग मानला आणि लंडनच्या गोलमेज परिषदेला जाण्यास नकार दिला. ऑगस्टच्या अखेरीस सिमल्यात व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्याशी बोलणी झाली. अन्य तक्रारींवर चौकशी मिळाली नाही. बारडोलीच्या प्रकरणात मात्र ती मान्य झाली. २९ ऑगस्टला गांधीजी मुंबईहून बोटीने रवाना झाले. गोलमेज परिषदेचा मार्ग असा बारडोलीच्या काही गावांतील पोलिसांच्या वर्तनावरून गेला होता.

दुसरी चौकशी : गॉर्डन

चौकशीचा विषय नेमक्या शब्दांत बांधलेला होता. पोलीस बरोबर नसताना तालुक्यातील इतर गावांत मार्चनंतर ज्या प्रमाणाने वसुली झाली, त्या प्रमाणापेक्षा अधिक सारा या गावांतील खातेदारांना पोलिसांच्या जबरदस्तीमुळे भरावा लागला काय, आणि लागला असल्यास ती रक्कम किती, हे शोधायचे होते.

या वाक्यातच पुढचा पेच दडलेला होता. आमच्या दारात पोलीस आले, त्यांनी वेढा घातला, धमकावले, हे गावकरी शपथेवर सांगू शकत होते. पण ‘इतर गावांत कोणत्या प्रमाणाने वसुली झाली’ हे त्यांनी कोठून सांगावे? कोणत्या खातेदाराला सवलत दिली, का दिली, वरिष्ठांनी मामलतदारांना कोणते हुकूम पाठवले, पोलीस मागवण्याचा निर्णय कोणी आणि कोणत्या कारणाने घेतला, याच्या नोंदी सरकारी दप्तरात होत्या. तुलनेचे माप सरकारच्या कपाटात, आणि जादा वसुली सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र खातेदारांवर, अशी ही स्थिती होती.

भुलाभाई देसाईंनी खातेदारांच्या साक्षी घेतल्या आणि दप्तरातील कागद हजर करण्याची मागणी केली. गॉर्डन यांनी ती फेटाळली. तेव्हा या चौकशीत यापुढे भाग घेण्यात अर्थ नाही, असे ठरवून नोव्हेंबर १९३१ च्या मध्यावर वल्लभभाई आणि भुलाभाई तीतून बाहेर पडले. चौकशी एकतर्फी उरली आणि खातेदारांच्या पदरी तिच्यातून काही पडले नाही. जानेवारी १९३२ मध्ये गांधीजी आणि वल्लभभाई दोघांनाही अटक झाली आणि हा विषय मागे पडला. या लढ्यात सरकारजमा होऊन विकल्या गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत मिळाल्या त्या खेर मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये त्यासाठी कायदा केल्यावर.

दोन्ही चौकशांच्या रचनेतही फरक होता. पहिलीत न्यायखात्याच्या अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा होता; दुसरीत प्रशासनातील एकाच अधिकाऱ्याकडे सारे सोपवलेले होते. पहिलीत गावचे दप्तर आणि गावचा माणूस समोरासमोर आले; दुसरीत माणूस आला, दप्तर आले नाही. चौकशी नेमली जाणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे, हे बारडोलीने १९३१ मध्ये पाहिले.

राज्यघटनेनंतर

१९५० मध्ये राज्यघटना आली आणि अनुच्छेद ३२ व २२६ यांनी सर्वोच्च व उच्च न्यायालयांची दारे नागरिकासाठी उघडली. तरी पोलिसांच्या चुकीची भरपाई सरकारने द्यावी, हे तत्त्व रुजायला आणखी तीन दशके लागली. कस्तुरीलाल रलियाराम प्रकरणात पोलिसांनी जप्त केलेले एका व्यापाऱ्याचे सोने पोलीस ठाण्यातूनच नाहीसे झाले होते. ठाण्याचा हलगर्जीपणा मान्य होऊनही, पोलिसांचे काम हे राज्याच्या सार्वभौम अधिकारात मोडते, असे कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये भरपाई नाकारली.

ही कोंडी १९८३ मध्ये रुदुल साह प्रकरणात फुटली. निर्दोष सुटल्यानंतरही बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षे डांबून ठेवलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने थेट रिट याचिकेत भरपाई दिली. १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंह यांना बेकायदा अटकेबद्दल ५०,००० रुपये मिळाले. १९९३ मध्ये ओडिशातील निलबती बेहरा या मातेला, तिच्या मुलाच्या पोलीस कोठडीतील मृत्यूबद्दल दीड लाख रुपये देण्याचा आदेश झाला. मूलभूत हक्कांचा भंग झाला असता सार्वभौमत्वाचा बचाव चालणार नाही, हे या निकालाने निःसंदिग्धपणे सांगितले.

महाराष्ट्राचाही या प्रवासात वाटा आहे. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील महिलांच्या स्थितीबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दखल घेतली, आणि १९८३ मध्ये महिलांसाठी स्वतंत्र कोठडी, महिला पोलिसांची उपस्थिती, अटकेची माहिती नातलगांना देणे असे निर्देश दिले.

गुजरातमधील नडियादचे प्रकरण तर बारडोलीची आठवण करून देणारे आहे. सप्टेंबर १९८९ मध्ये तेथील मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी पकडले, बेड्या व दोरखंडाने बांधले आणि त्या अवस्थेत त्यांची छायाचित्रे काढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने दखल घेऊन अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे चौकशी सोपवली. १९९१ च्या निकालात संबंधित पोलिसांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झाली. ज्या खात्यावर आरोप आहे, त्याच्या हाती तपास न ठेवण्याची बारडोलीची जुनी मागणी येथे पूर्ण झाली. ती मिळवण्यासाठी पीडित व्यक्ती न्यायदंडाधिकारी असावी लागली काय, असा प्रश्नही या प्रकरणाने मागे ठेवला.

कागद मागण्याचा हक्क

गॉर्डन यांच्यापुढे फेटाळल्या गेलेल्या मागणीला आपल्या कायद्यात टप्प्याटप्प्याने जागा मिळाली. राजनारायण प्रकरणात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सरकारने एखादा कागद गोपनीय आहे असे सांगितले म्हणजे प्रश्न मिटत नाही. तो उघड न करण्यात खरोखर लोकहित आहे का, हे न्यायालय स्वतः तपासू शकते.

अटकेच्या संदर्भातील सर्वांत मोठा टप्पा म्हणजे डी. के. बसू प्रकरणाचा १९९६ चा निकाल. पश्चिम बंगालमधील कायदेविषयक मदत संस्थेच्या पदाधिकाऱ्याने १९८६ मध्ये कोठडीतील मृत्यूंबद्दल लिहिलेले पत्र हा या प्रकरणाचा आरंभ होता. न्यायालयाने घालून दिलेल्या अकरा निर्देशांकडे बारकाईने पाहिले, तर त्यांतील बहुतेक कागदाविषयी आहेत, हे ध्यानात येते. अटकेचे टिपण जागेवर तयार करायचे, त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील एका साक्षीदाराची आणि अटक झालेल्या व्यक्तीची सही घ्यायची, नातलगाला कळवल्याची ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची, शरीरावरील जखमांची तपासणी करून नोंद ठेवायची, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करायची आणि सर्व कागदांच्या प्रती दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या. पोलीस ठाण्याच्या आत जे घडते त्याचा साक्षीदार बहुधा नसतो. म्हणून घटना घडत असतानाच पुरावा निर्माण व्हावा आणि त्याची एक प्रत ठाण्याबाहेर जावी, हा यामागील विचार आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही अटकेचे टिपण, नातलगांना सूचना, वकिलाची भेट आणि वैद्यकीय तपासणी यांच्या तरतुदी आहेत.

डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचे आदेश दिले. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे असा ठाण्याचा कोणताही भाग कॅमेऱ्याबाहेर राहू नये, चित्रणासोबत आवाजही नोंदला जावा आणि ते अठरा महिने, अथवा निदान वर्षभर जपून ठेवले जावे, असे त्यात म्हटले आहे. हे चित्रण म्हणजे आजचे दप्तर होय.

माहितीच्या हक्काबाबत गोव्याची नोंद अभिमानास्पद आहे. देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये आला. गोव्याने स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता. केंद्रीय कायद्यानुसार व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित माहिती अठ्ठेचाळीस तासांत देणे बंधनकारक आहे. ज्या सुरक्षा व गुप्तवार्ता यंत्रणांना कायद्यातून सूट आहे, त्यांनाही मानवी हक्कांच्या भंगाच्या आरोपाशी संबंधित माहितीबाबत ती सूट सरसकट लागू होत नाही.

आज दाद कोठे मागावी

गोव्यातील नागरिकाला पोलिसांविरुद्ध किंवा सरकारी खात्याविरुद्ध तक्रार करायची असल्यास आज पुढील मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील गोवा खंडपीठात रिट याचिका दाखल करण्याचा. बेकायदा अटक, कोठडीतील मारहाण किंवा मृत्यू अशा प्रकरणांत भरपाईही याच याचिकेत मागता येते. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते; महिलांना आणि कोठडीतील व्यक्तींना ते उत्पन्नाची अट न लावता मिळते.

दुसरा मार्ग राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग प्रकरणात २००६ मध्ये दिलेल्या आदेशातून अशी प्राधिकरणे निर्माण झाली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार अशा गैरवर्तनाच्या तक्रारी त्यांनी पाहाव्यात, असे अपेक्षित आहे. तिसरा मार्ग गोवा मानवी हक्क आयोगाचा. घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर आयोग तक्रारीची चौकशी करू शकत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

चौथा मार्ग दिवाणी दाव्याचा. सरकारविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. बेकायदा कैदेबद्दलच्या भरपाईच्या दाव्याची मुदत एक वर्षाची आहे. नोटिशीचे दोन महिने आणि दाव्याचे एक वर्ष यांचा हिशेब चुकल्याने रास्त दावाही फेटाळला जाऊ शकतो.

कोणताही मार्ग निवडला, तरी आरंभीच्या काही दिवसांतील कागद निर्णायक ठरतात. वैद्यकीय तपासणीची प्रत, अटकेच्या टिपणाची प्रत, तक्रार दिल्याची पोच, आणि ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे अशी लेखी मागणी या गोष्टी लगेच कराव्या लागतात. चित्रण ठरावीक काळानंतर पुसले जाते, आणि जखमा त्याआधीच भरून येतात.

दप्तर कोणाच्या हाती

कायदा १९३१ च्या तुलनेत कितीतरी पुढे आला आहे. तरी बारडोलीचा पेच पुरता सुटलेला नाही. पोलिसांवर आरोप होतो तेव्हा त्या घटनेची दैनंदिनी पोलिसांनीच लिहिलेली असते, पंचनामा त्यांनीच केलेला असतो आणि कॅमेऱ्याचे चित्रणही त्यांच्याच ताब्यात असते. न्यायालयाने अगर प्राधिकरणाने ते वेळेत आपल्याकडे घेतले नाही, तर गॉर्डन यांच्यापुढे बसलेल्या खातेदारांसारखीच तक्रारदाराची अवस्था होते : सांगण्यासारखे पुष्कळ, दाखवण्यासारखे काही नाही.

बारडोलीचा स्वराज आश्रम आजही उभा आहे आणि सत्याग्रहाच्या आठवणी सांगतो. त्या विजयाच्या कथेला १९३१ च्या अपयशाची जोड दिली म्हणजे तिचा अर्थ पुरा होतो. शेतकऱ्यांनी दोन्ही वेळा एकच गोष्ट मागितली होती : आमचे म्हणणे खरे की तुमचे, हे तिऱ्हाइताने दोघांचे कागद समोर ठेवून ठरवावे. पहिल्या वेळी ते झाले, तेव्हा सरकारच्या हिशेबात सुमारे एक लाख एकोणचाळीस हजार रुपयांची चूक निघाली. दुसऱ्या वेळी हिशेब तपासलाच गेला नाही, आणि त्या गावांतून पोलिसांच्या धाकाने किती रक्कम नेली गेली, याचा आकडा कायमचा अनुत्तरित राहिला.